कॅश ड्राइव्ह उत्तम, पण मिररच्या वाटेला जाऊ देऊ नका

कॅश ड्राइव्ह म्हणजे संथ हार्ड डिस्कपुढे लावायची छोटी, वेगवान एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह), रोज लागणारा डेटा ती जवळ ठेवते. एकच हार्ड डिस्क असलेल्या मशीनला ही कॅश ड्राइव्ह लावायची असेल तर खुशाल लावा, पैसे वसूल होतील. दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर एकाच डेटाच्या दोन प्रती, असेल तर मात्र घेऊ नका. आणि घेऊन झाली असेल, मिररवर ती लागलीही असेल, सॉफ्टवेअरने हिरवी खूण दाखवली म्हणून तुम्ही निश्चिंत असाल, तर आधी उठून राइट-बॅक (लिहिलेलं आधी एसएसडीवर ठेवून डिस्कवर सवडीने उतरवणं) बंद करा. हे परीक्षण त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

कंपनीचं नाव घेत नाही. या जातीच्या बऱ्याच मालाची रचना अशीच असते, त्यामुळे नावापेक्षा रचना कळलेली बरी.

मी आवाजाचं काम करते. मुलाखती, पुस्तकांची वाचनं, जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली भाषणं. एकेका प्रकल्पात शेकडो छोट्या फाइली असतात आणि प्रकल्प उघडला की संपादनाचं सॉफ्टवेअर त्या सगळ्यांना एकदम हात घालतं. हा सगळा माल ४ टीबीच्या दोन डिस्कवर आहे आणि त्या दोन्ही विंडोजच्या डायनॅमिक डिस्क म्हणून (म्हणजे विंडोजलाच अनेक डिस्क एकत्र सांभाळू देणाऱ्या प्रकारात) मिरर केलेल्या आहेत. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे हे मला ठाऊक आहे, बॅकअप वेगळा असतो. पण ऐन कामात एक डिस्क बसली तर दुसरीवर काम चालू राहतं, आणि मला तेवढंच हवं असतं.

अडचण वेगाची. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एक फेरी पुरी करायला ८.३ मिलिसेकंद घेते. म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि त्यात डोकं त्या पट्ट्यापर्यंत सरकण्याचा वेळ वेगळा. इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायला लावल्या की अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास मागण्या पुऱ्या करते, पुष्कळदा त्याहून कमीच. साधी साटा एसएसडी सेकंदाला अशा हजारो मागण्या पुऱ्या करते. पण सगळा संग्रह एसएसडीवर हलवणं खिशाला परवडत नाही. म्हणून भाचा म्हणाला, "मावशी, एक छोटी कॅश ड्राइव्ह लाव ना. रोज लागणारं तेवढं तिच्यावर राहील, बाकीचं डिस्कवर." सल्ला चुकीचा नव्हता. कॅशची कल्पना मुळातच चांगली आहे.

आता वस्तूविषयी. ही अडीच इंची साटा एसएसडी आहे, डब्यावर ६४ जीबी लिहिलेली. प्रत्यक्ष कॅशला त्यातली निम्मीच जागा मिळते, बाकीची झीज सोसायला राखून ठेवलेली असते. कॅशवर सतत लिहिणं-पुसणं चालतं, तेव्हा ही राखीव जागा असणं शहाणपणाचंच आहे. फक्त डब्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहायला हरकत नव्हती. सॉफ्टवेअर सोबत येत नाही, उतरवून घ्यावं लागतं, आणि त्याची किल्ली ड्राइव्हच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेली असते. ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये कसण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा, नाहीतर पुन्हा स्क्रू खोलायची पाळी येते.

एकट्या डिस्कवर मी ती आधी घरच्या जुन्या मशीनला लावून पाहिली. तिथे तक्रारीला जागा नाही. पहिल्यांदा उघडलेला प्रोग्राम पूर्वीइतकाच रेंगाळतो, कारण कॅशला अजून काही ठाऊक नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून फरक कळतो. हे सॉफ्टवेअर फाइली ओळखत नाही, डिस्कचे ब्लॉक, म्हणजे ठरावीक मापाचे छोटे तुकडे, ओळखतं. त्यामुळे मोठ्या फाइलमधला रोज लागणारा तुकडा तेवढाच उचलून ठेवतं, अख्खी फाइल नाही. सलग मोठं काही वाचत असाल, उदाहरणार्थ तासाभराचं ध्वनिमुद्रण, तर तिकडे ते लक्षही देत नाही, आणि तेच बरोबर आहे. सलग वाचनात हार्ड डिस्क काही कमी नसते. सेटिंगचा पडदा स्वच्छ आहे. कॅशमधले किती ब्लॉक डिस्कवर उतरवायचे बाकी आहेत हा आकडा समोर दिसतो. या आकड्यासाठी मी या सॉफ्टवेअरला वरचे गुण देईन. पुढे सगळी भिस्त त्याच्यावरच पडली.

मग मिररवर लावली. इन्स्टॉलरने दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दाखवल्या आणि कोणत्या डिस्कचा वेग वाढवायचा ते विचारलं. एकच निवडता येते. तिथेच घोडं पेंड खातं.

विंडोजमध्ये फाइल आणि डिस्क यांच्यामध्ये थर असतात. वर फाइल सिस्टम, तिच्याखाली व्हॉल्यूम (सी:, डी: असे दिसणारे भाग) सांभाळणारा थर, त्याच्याखाली एकेक डिस्क आणि सर्वांत खाली डिस्कशी बोलणारा कंट्रोलर. डायनॅमिक डिस्कचा मिरर व्हॉल्यूमच्या थरात होतो. वरून एक ब्लॉक आला की तो थर त्याच्या दोन प्रती करून खाली दोन डिस्कना धाडतो. या कॅशचा ड्रायव्हर मात्र त्याच्याही खाली, एकेका डिस्कच्या पातळीवर बसतो. म्हणजे मिररला कॅशचा पत्ता नाही आणि कॅशला मिररचा नाही. कॅशला वाटतं आपण एका साध्या डिस्कपुढे उभे आहोत. मिररला वाटतं आपल्या दोन्ही डिस्क सारख्याच आहेत. दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक, आणि दोघांच्या मधून माझा डेटा.

आता याचा वेगावर काय परिणाम होतो ते पाहा. वाचताना मिरर दोन्ही डिस्कना काम वाटून देतो. रिसोर्स मॉनिटरमध्ये प्रकल्प उघडताना हे स्पष्ट दिसत होतं: एका डिस्कवरच्या मागण्या झटपट सुटत होत्या, दुसरीवरच्या रांगेत ताटकळत होत्या. प्रकल्प शेवटची फाइल हाती आल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे एकूण वेळ ठरला तो दुसऱ्या डिस्कमुळे. फरक पडला नाही असं नाही. पण एकट्या डिस्कवर जी टवटवी दिसली होती तिचा मागमूसही नव्हता.

लिहिण्याचं त्याहून वाईट. मिररमध्ये लिहिणं पुरं झालं असं तेव्हाच धरतात, जेव्हा दोन्ही डिस्क 'झालं' म्हणतात. एका डिस्कपुढे एसएसडी उभी आहे, ती लगेच 'झालं' म्हणून मोकळी होते. दुसरी बिचारी तबकडी फिरवतेच आहे. तिची वाट बघण्याला पर्याय नाही. म्हणजे राइट-बॅकने मला लिहिण्यात काडीचाही वेग मिळाला नाही. आणि वेग न देता त्याने जे काढून घेतलं, त्याच्यासाठी तर मी मिरर केला होता.

राइट-थ्रू आणि राइट-बॅक यांतला फरक इथे नीट समजून घ्यायला हवा. राइट-थ्रूमध्ये कॅश ब्लॉक स्वतःकडे ठेवते, पण डिस्कवर उतरल्याखेरीज 'झालं' म्हणत नाही. ती उद्या जळून गेली तरी डिस्कवर सगळं असतं. राइट-बॅकमध्ये ब्लॉक एसएसडीवर आला की काम झालं असं सांगून टाकतात आणि डिस्कवर सवडीने उतरवतात. तोवर खरी प्रत एसएसडीवर असते, डिस्कवरची शिळी. दोन वह्यांत एकच हिशेब लिहायचा नियम करावा, आणि एका कारकुनाने नोंदी चिठ्ठ्यांवर लिहून खिशात ठेवाव्यात, तसं हे. वह्या दोन दिसतात, पण खिसा फाटला की एकीचाच हिशेब खरा.

या सॉफ्टवेअरमध्ये राइट-बॅक आपोआप चालू असतं. शिवाय मशीन रीतसर बंद केलं तरी न उतरवलेले ब्लॉक ते तसेच एसएसडीवर ठेवून देतं, पुढच्या वेळी बघू म्हणतं. एकट्या डिस्कला हे एक वेळ चालून जाईल. मिररला नाही.

मला हे नुसतं तर्काने पटवून घ्यायचं नव्हतं. कामाचा सगळा संग्रह दुसरीकडे सुखरूप होता, म्हणून मिररवर चाचणीच्या फाइली टाकल्या. १६ बिटची स्टिरिओ ध्वनिफाइल, तीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सलग सूर. पडद्यावर न उतरवलेल्या ब्लॉकचा आकडा चांगला मोठा असतानाच मशीन बंद केलं, कॅश लावलेली हार्ड डिस्क काढली आणि दुसऱ्या मशीनच्या डॉकमध्ये घातली. डायनॅमिक डिस्क अशी परक्या मशीनला लावली की डिस्क मॅनेजमेंट तिला 'फॉरेन' म्हणतं. ती इम्पोर्ट केली. मिररचा एक पाय, म्हणजे दुसरी डिस्क, गायब असल्यामुळे 'फेल्ड रिडंडन्सी' असं दिसलं, तेही अपेक्षितच. फाइल जागेवर होती. नाव बरोबर, आकार बरोबर, तारीख बरोबर.

लावली. सूर सुरू झाला, काही सेकंद नीट चालला, आणि मध्येच एका बाईंचा आवाज आला, "...तेव्हा आमच्याकडे..." एवढंच, आणि परत सूर.

मी फाइल मागे नेऊन पुन्हा ऐकली. आवाज ओळखीचा होता. मागे पुसून टाकलेल्या एका मुलाखतीचा तो तुकडा. डिस्कवरच्या त्या जागी नवा सूर उतरलाच नव्हता, तो एसएसडीवर पडून होता, म्हणून तिथलं जुनं बोलणं तसंच शिल्लक राहिलं होतं. तरंगचित्र मोठं करून पाहिलं तर शिवण अगदी धारदार होती: इकडे गुळगुळीत लाट, तिकडे बोलण्याचे काटे, मध्ये कणभरही उतार नाही. ध्वनिफाइल होती म्हणून कळलं तरी. हिशेबाच्या तक्त्यात किंवा फोटोंच्या सूचीत असा तुकडा घुसला असता तर वर्षभर कुणाच्या लक्षात आला नसता.

भाचा म्हणाला, "मावशी, पण डिस्क काढलीस म्हणून हे झालं. नाही काढली तर?"

रास्त प्रश्न. म्हणून डिस्क परत बसवली, मिरर नव्याने सिंक करून घेतला, पुन्हा न उतरवलेले ब्लॉक साचू दिले आणि या वेळी काहीही न काढता मशीन दुरुस्तीच्या यूएसबीवरून सुरू केलं. विंडोज बिघडल्यावर कुणीही हेच करतं. यूएसबीवरच्या विंडोजला मिरर समजतो, कॅशचं सॉफ्टवेअर मात्र त्यात नसतं. दोन्ही डिस्क हजर, व्हॉल्यूमवर 'हेल्दी' असा शेरा. त्या सुराच्या फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा ठसा, काढला. रीस्टार्ट करून परत काढला, रीस्टार्ट अशासाठी की मेमरीत उरलेली प्रत मध्ये येऊ नये. उत्तर वेगळं. परत काढला, तर पहिलंच उत्तर आलं. एकच फाइल, एकच मशीन, कुणी बोटही लावलेलं नाही, आणि वाचन कोणत्या डिस्कवरून झालं त्याप्रमाणे दोन उत्तरं. मिररच्या दृष्टीने दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या, कारण एकीनेही वाचताना चूक कळवली नव्हती. शिळा ब्लॉक ही काही वाचनातली चूक नव्हे, तो अगदी व्यवस्थित वाचला जातो. मिरर फक्त न वाचता आलेला ब्लॉक दुसरीकडून आणतो. दोन प्रतींत फरक आहे का, आणि असला तर खरी कोणती, हे तो विचारत नाही.

यापुढची शक्यता मी करून पाहिली नाही, पण ती समजायला अवघड नाही. अशा अवस्थेत वीज गेली आणि मिररला रिसिंक करावं लागलं, आणि त्याने नेमकी शिळी डिस्क मूळ प्रत मानली, तर हार्ड डिस्कवरची एकुलती एक खरी प्रत तो स्वतःच्या हाताने पुसेल. 'रिसिंकिंग'ची टक्केवारी पुढे सरकत राहील आणि शेवटी पुन्हा 'हेल्दी'. यूएसबीवरून चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन चालवलं तर तेही अर्धवट जुन्या, अर्धवट नव्या नोंदींची आपल्या समजुतीने डागडुजी करून बसेल. कॅश लावलेल्या मशीनवर यूएसबीवरून दुरुस्तीला हात घालण्याआधी न उतरवलेल्या ब्लॉकचा आकडा शून्य करायलाच हवा, आणि विंडोज सुरूच होत नसेल तर तो आकडा बघायचा तरी कसा, याचं उत्तर पुस्तिकेत नाही.

दुसरी वाट होती मदरबोर्डच्या रेडची, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच भासवण्याच्या सोयीची. तिथे मिरर कंट्रोलरचा ड्रायव्हर खालच्या थरातच करतो आणि विंडोजला वर एकच डिस्क दिसते. म्हणजे कॅश आपोआप मिररच्या वर बसेल, असा हिशेब. कागदावर बरोबर. पण त्यासाठी बायॉसमध्ये साटा कंट्रोलर रेड मोडवर न्यावा लागतो, आणि हे सॉफ्टवेअर फक्त एएचसीआय या साध्या, रेडविना मोडमध्ये चालतं. रेड मोडमध्ये इन्स्टॉलर 'योग्य डिस्क सापडली नाही' म्हणून हात वर करतो. आधी एएचसीआयमध्ये सॉफ्टवेअर बसवून मग मोड बदलावा अशी कुणाला बुद्धी झाली तर सांगते: रेडचा ड्रायव्हर आधी चालू करून ठेवलेला नसेल तर विंडोज सुरू होताना ०x७बी क्रमांकाचा निळा पडदा येतो, म्हणजे बूट डिस्कच हाती लागत नाही. आगीतून फुफाट्यात. समजा तेही जमलं, तरी मिररच्या वर एकच एसएसडी राइट-बॅकमध्ये बसवणं म्हणजे दोन डिस्कच्या सुरक्षेला एका डिस्कचं दार लावणं. एसएसडी गेली की न उतरवलेलं सगळं गेलं, खाली दोन प्रती असोत की चार.

कंपनीला मेल केला. उत्तर सभ्य होतं: "मॅडम, आमचं उत्पादन एका डिस्कसाठी आहे, कृपया पुस्तिकेतल्या आवश्यकता पाहाव्यात." पाहिल्या. पीडीएफमध्ये शेवटाकडे एक ओळ आहे, एएचसीआय मोड आणि एक डिस्क. मिरर, रेड, डायनॅमिक डिस्क यांपैकी एकही शब्द नाही. मी परत विचारलं, की इन्स्टॉलरला समोरची डिस्क डायनॅमिक आहे हे कळतं, मग तो तिथे थांबत का नाही? 'सूचना पुढे पाठवली आहे' यापलीकडे काही आलं नाही. माझी खरी तक्रार हीच आहे. मिररला आधार नसणं हा दोष नव्हे, मर्यादा आहे. मर्यादा माहीत असून हिरवी खूण दाखवणं हा दोष.

कारण हे नीट करता येतं, आणि लोकांनी केलेलंही आहे. इंटेलने २०११ मध्ये झेड६८ चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स आणलं, त्यात कॅश आणि रेड दोन्ही एकाच ड्रायव्हरच्या हाती होते, म्हणून अख्ख्या रेड व्हॉल्यूमचा वेग वाढवता येत असे. कॅशचा आकार १८.६ ते ६४ जीबी. आणि महत्त्वाचं म्हणजे राइट-थ्रू हा आपोआप मिळणारा मोड, राइट-बॅक हवा तर तुम्ही स्वतः निवडायचा. पुढे २०१७ मध्ये आलेल्या ऑप्टेन मेमरीत मात्र रेड व्हॉल्यूमला कॅश लावण्याची सोय नव्हती, आणि २०२२ मध्ये तर इंटेलने ऑप्टेनचा धंदाच आवरता घेतला. सिनॉलॉजी कंपनीच्या एनएएसमध्ये (नेटवर्कवरच्या डिस्कपेटीत) एका एसएसडीवर फक्त वाचनाची कॅश मिळते, लिहिण्याची हवी असेल तर निदान दोन एसएसडी लागतात, त्यांचाही मिरर करून. थोडक्यात, खाली दोन प्रती असतील तर वरही दोनच.

लिनक्सवाल्यांचं बरं चाललंय. बीकॅश आणि डीएम-कॅश ही कॅशची दोन्ही सॉफ्टवेअर २०१३ मध्ये कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आली, आणि थर कुठे लावायचा हे तुमच्या हातात असतं: खाली एमडीचा (लिनक्सच्या रेडचा) मिरर, वर कॅश, त्याच्यावर फाइल सिस्टम. बीकॅश असो की एलव्हीएमची (लिनक्सच्या व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या थराची, डीएम-कॅश वापरणारी) कॅश, दोन्ही मुळात राइट-थ्रूमध्येच सुरू होतात. बीकॅश ४ एमबीच्या पुढचं सलग वाचन-लेखन कॅशला वळसा घालून सोडून देतं, म्हणजे मोठी फाइल आली म्हणून रोजचे ब्लॉक बाहेर ढकलले जात नाहीत. थर उलटसुलट लावलात तर मात्र तिथेही माफी नाही. एमडीची १.२ आवृत्तीची ओळख-नोंद आणि बीकॅशची नोंद, दोन्ही आपापल्या डिव्हाइसच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसतात. मिररमधल्या एकाच डिस्कला थेट बीकॅश करायला गेलात तर एकाच पाटावर दोघं. झेडएफएस या फाइल सिस्टममध्ये वाचनाची कॅश मेली तरी काही बिघडत नाही, तिच्यातला प्रत्येक ब्लॉक चेकसमशी (डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) ताडून मगच वापरतात, चुकीचा निघाला तर मूळ डिस्कवरून आणतात. मिररच्या दोन प्रतींतली खरी कोणती हेही तिथे चेकसम ठरवतो. हे वाचून माझ्यासारख्या विंडोजवाल्यांच्या पोटात दुखतं, पण आमचं संपादनाचं सॉफ्टवेअर तिकडे चालत नाही.

एक आडवाट भाच्याने सुचवली होती ती सांगण्यासारखी आहे, लिनक्सवर काम असेल त्यांच्यासाठी. कॅश वगैरे काही नको, मिररचा एक पाय एसएसडी आणि दुसरा हार्ड डिस्क, आणि हार्ड डिस्कवर 'राइट-मोस्टली' खूण. मग एमडी वाचनं सगळी एसएसडीवरून करतो आणि हार्ड डिस्कवर फक्त लिहितो. अर्थात एसएसडी हार्ड डिस्कइतकीच मोठी हवी. तेवढे पैसे असते तर कॅशच्या नादी लागलो असतो कशाला, असं मी त्याला म्हटलं.

माझी सध्याची सोय साधी आहे. चालू प्रकल्प एका वेगळ्या एसएसडीवर, पुरे झालेले मिररवर, आणि रात्री चालू प्रकल्पांची प्रत मिररवर जाते. मिररला कॅश नाही. ही ड्राइव्ह घरच्या त्या जुन्या मशीनमध्ये आहे, तिथे ती छान चालते. पाचपैकी गुण द्यायचे तर एका डिस्कला चार, मिररला शून्य. मधला आकडा काढून तीन किंवा दोन देण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या मिररवर ती आधीच लागली आहे त्यांनी काढताना क्रम पाळा. आधी राइट-बॅक बंद करून राइट-थ्रू करा. मग न उतरवलेल्या ब्लॉकचा आकडा शून्य होईपर्यंत थांबा, मोठं लिखाण चालू असेल तर तो खाली-वर होतो, म्हणून बाकीचे प्रोग्राम बंद ठेवा. शून्य झाल्यावर कॅश बंद करा, सॉफ्टवेअर काढा, मशीन पुन्हा सुरू करा, आणि मगच एसएसडीची केबल काढा. एवढ्यावरही मी त्या डिस्कवर विश्वास ठेवला नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन पायांची तुलना करून बघायची सोय नसल्यामुळे रिमूव्ह मिरर करून कॅशवाला पाय सोडवला आणि ॲड मिरर करून दुसऱ्यावरून नव्याने भरून घेतला. काढताना कोणता पाय निवडताय ते अनुक्रमांक बघून दोनदा ताडा, दोन्ही डिस्क एकाच बनावटीच्या असतात आणि पडद्यावर सारख्याच दिसतात. ४ टीबीला सेकंदाला १५० एमबीचा वेग मिळाला तरी सात-साडेसात तास जातात, आणि मध्ये काम करत राहिलात तर त्याहून जास्त. तेवढा वेळ एकच प्रत असते, म्हणून हे सुरू करण्याआधी बॅकअप ताजा करून घ्या.